घर बदलल्यानंतर शस्त्रखरेदी आणि निवासाचा पुरावा: ठाणे व नवी मुंबईतील परवानाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नुकतेच राहायला आलेले, हाती शस्त्रपरवाना असलेले अथवा नव्याने परवाना काढून रिव्हॉल्वर, पिस्तूल किंवा बारा बोअरची बंदूक घेऊ इच्छिणारे जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 हा या सर्व उत्तरांचा आधार आहे.

माझ्याकडे परवाना आहे, पण तो जुन्या पत्त्यावरचा आहे. आधी शस्त्र घ्यावे की आधी पत्ता बदलून घ्यावा?

आधी पत्ता बदलून घ्यावा. घर बदलल्याने परवाना आपोआप रद्द होत नाही हे खरे आहे आणि त्याच आधारावर अनेक जण "आधी शस्त्र घेऊ, पत्त्याचे नंतर बघू" असे ठरवतात. परंतु शस्त्रपरवाना हा केवळ व्यक्तीला दिलेला अधिकार नाही. कोणते शस्त्र कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या घरात आहे याची ती सरकारदरबारी असलेली नोंद आहे. जुन्या पत्त्याच्या परवान्यावर नवे शस्त्र चढवले, तर ते ज्या घरात कधी ठेवलेच गेले नाही त्या घराच्या नावे नोंदले जाते. पुढे चोरी झाली, अपघात झाला किंवा शेजाऱ्याने तक्रार केली, तर सर्वांत आधी हीच विसंगती पोलिसांच्या नजरेस येते आणि तिचे स्पष्टीकरण परवानाधारकालाच द्यावे लागते.

नियमानुसार परवानाधारक कायमचा, किंवा 30 दिवसांपेक्षा जास्त काळासाठी तात्पुरता, दुसरीकडे राहायला गेला आणि शस्त्रही सोबत नेले, तर बदल झाल्यापासून 30 दिवसांच्या आत त्याने नव्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला आणि ज्याने परवाना दिला अथवा शेवटचा नूतनीकृत केला त्या जुन्या प्राधिकाऱ्याला, अशा दोघांनाही लेखी कळवायचे असते. मागणी झाल्यास परवाना व शस्त्र नव्या प्राधिकाऱ्यापुढे हजर करून नव्या पत्त्याची नोंद करून घ्यायची असते. नियमाची भाषा शस्त्र सोबत नेण्याविषयी आहे, म्हणून ज्याने अद्याप शस्त्र घेतलेलेच नाही तो स्वतःला या नियमाबाहेरचा समजतो. मात्र दुकानातून निघालेले शस्त्र त्याच दिवशी नव्या घरी जाणार असल्यामुळे ही सवलत फार तर दुकानाच्या दारापर्यंत टिकते.

ठाणे जिल्ह्यातच घर बदलले आहे. मग प्राधिकारी कसा बदलेल?

या प्रश्नावर सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्रपरवाना पोलीस आयुक्त देतात आणि आयुक्तालयाबाहेरच्या भागात जिल्हा दंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी देतात. आयुक्तालयांच्या सीमा जिल्ह्याच्या सीमांशी जुळत नाहीत.

ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाणे शहर, कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येतात. कळव्याहून निघून विटाव्यापुढे दिघा लागला की नवी मुंबई पोलीस आयुक्तालय सुरू होते. त्यामुळे कळव्यातून ऐरोलीला गेलेल्या माणसाचा जिल्हा ठाणेच राहतो, पण परवाना प्राधिकारी बदलतो. याउलट खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आणि उरण हा भाग रायगड जिल्ह्यात असूनही नवी मुंबई आयुक्तालयात मोडतो. वाशीहून खारघरला गेलेल्याचा जिल्हा बदलतो, महानगरपालिका बदलते, पण प्राधिकारी तोच राहतो. त्याने अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाण्याचे कारण नाही.

घोडबंदर रस्त्यावरच्या रहिवाशांनी विशेष लक्ष द्यावे. गायमुखच्या पुढे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाची हद्द लागते. हे आयुक्तालय ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी मिळालेल्या परवान्यावर मीरा रोडचा पत्ता असेल, तर त्यावर वेगळ्याच प्राधिकाऱ्याचा शिक्का दिसेल. मुलुंडहून ठाण्यात आलेल्यांचे मूळ प्राधिकारी मुंबईचे पोलीस आयुक्त असतात, तर मुरबाड किंवा शहापूर भागातून आलेल्यांचे ठाण्याचे जिल्हाधिकारी.

घर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे त्याचे नाव आधी नक्की करावे. ते कळले की आयुक्तालय आपोआप कळते.

घर बदलले, पण आयुक्तालय तेच आहे. तरीही कळवायचे का?

होय. नौपाड्यातून कासारवडवलीला गेले तरी परवान्यावरचा पत्ता चुकीचा ठरतो आणि पोलीस ठाणेही बदलते. फरक एवढाच की दोन प्राधिकाऱ्यांऐवजी एकालाच कळवावे लागते.

"सध्याचा निवास" म्हणजे नेमके काय?

माणूस प्रत्यक्ष कुठे झोपतो, उठतो, त्याचे कुटुंब कुठे राहते आणि शस्त्र कुठे ठेवले जाणार आहे, यावरून सध्याचा निवास ठरतो. घराची मालकी हा स्वतंत्र विषय आहे. नेरूळमध्ये स्वतःचा फ्लॅट असून तो भाड्याने दिला असेल आणि स्वतः ठाण्यात भाड्याने राहत असाल, तर सध्याचा निवास ठाण्याचाच होय. अर्जाच्या नमुन्यात सध्याचा पत्ता, तेथे केव्हापासून राहता, जवळचे पोलीस ठाणे, कायमचा पत्ता आणि त्याचेही जवळचे पोलीस ठाणे असे स्वतंत्र रकाने असतात. "केव्हापासून" या रकान्यातली तारीख भाडेकराराच्या किंवा ताब्याच्या तारखेशी जुळली पाहिजे. ती अंदाजाने लिहू नये.

निवासाचा पुरावा म्हणून कोणती कागदपत्रे चालतात?

नव्या परवान्याच्या अर्जात ओळखीसाठी आधार कार्ड अपेक्षित असते. ते नसल्यास प्रतिज्ञापत्रासह पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांसारखे अन्य ओळखपत्र द्यावे लागते. निवासासाठी मतदार ओळखपत्र, वीजबिल, लँडलाइन दूरध्वनीचे बिल, भाडेकरार, मालमत्तेची कागदपत्रे किंवा प्राधिकाऱ्याचे समाधान होईल असा अन्य पुरावा सादर करता येतो. पत्ताबदलासाठीही हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

परंतु यादी ठाऊक असणे आणि त्यातले कागद घरात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ठाण्याच्या नव्या गृहसंकुलात ताबा मिळाल्यावर पहिले काही महिने वीजमीटर बिल्डरच्याच नावावर असतो. पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये महावितरणच्या बिलावर आधीच्या मालकाचे नाव कायम असते. कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात बिल टोरेंट पॉवरचे येते, पण नावाची अडचण तीच. अशा वेळी बिलाला खरेदीखताची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा सारांश) जोडावी, म्हणजे बिलावरचे नाव आणि तुमचे नाव यांचा संबंध कागदावर दिसतो. नाव बदलण्याचा अर्ज केला असल्यास त्याची पोचही लावावी.

त्याखेरीज सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवाने सही-शिक्क्यासह दिलेले रहिवासाचे पत्र, मेंटेनन्सची पावती, महानगर गॅसचे बिल, महानगरपालिकेच्या मालमत्ता कराची पावती हे पूरक पुरावे म्हणून जोडावेत. माझ्या मते निवासाबाबत तीन कागद पुरेत: एक सरकारी ओळखपत्र, एक घरावरचा हक्क किंवा भाडे दाखवणारा दस्त आणि एक चालू महिन्याचे बिल. पंधरा झेरॉक्सांचा गठ्ठा दिल्याने पुरावा बळकट होत नाही. उलट त्यातल्या एखाद्या कागदावर पत्ता वेगळ्या पद्धतीने लिहिलेला निघतो आणि शंका तेथूनच सुरू होते.

आधार कार्डावर नवा पत्ता आला आहे. तेवढे पुरेसे आहे का?

सुरुवात म्हणून उत्तम, पण केवळ त्यावर विसंबू नये. आधारवरील पत्ता बदलला म्हणून परवान्यावरचा पत्ता बदलत नाही, कारण या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. शिवाय स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल प्रत्यक्ष चौकशीवर आधारलेला असतो. मतदार यादीतील नाव स्थलांतरित करण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो. तो अर्ज त्याच सुमारास करावा, म्हणजे दोन्ही ओळखपत्रांवर एकच पत्ता दिसेल. पासपोर्टवर मात्र पत्ता बदलण्यासाठी तो पुन्हा जारी करून घ्यावा लागतो. जुन्या पत्त्याचा पासपोर्ट केवळ ओळख आणि जन्मतारखेसाठी द्यावा आणि पत्ता जुना असल्याचे अर्जात स्वतःहून लिहावे.

मी भाड्याने राहतो. भाडेकरार चालेल का?

नोंदणीकृत भाडेकरार चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. केवळ मुद्रांक कागदावर नोटरी करून घेतलेला करार शस्त्रपरवान्याच्या अर्जाला जोडण्याचा आग्रह धरू नये. इतर कामांसाठी तो कुठे स्वीकारला गेला असेल, म्हणून येथेही स्वीकारला जाईल असे गृहीत धरता येत नाही.

अकरा महिन्यांच्या करारामुळे एक अडचण नेहमी उभी राहते. करार संपायला दीड-दोन महिने उरले असताना अर्ज केला, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत कराराची मुदतच उलटलेली असते. शक्य असेल तर नव्या कराराच्या पहिल्या महिन्यातच अर्ज करावा. मुदत मध्येच संपली, तर नूतनीकृत कराराची प्रत अर्जाचा क्रमांक लिहून परवाना शाखेत द्यावी आणि पोच घ्यावी. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली असल्यास त्याचीही प्रत जोडावी. ती आपल्या बाजूने बोलणारी मोलाची नोंद ठरते.

घरात शस्त्र ठेवले जाणार आहे हे घरमालकाला सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकशीसाठी आलेल्या पोलिसांकडून ही गोष्ट त्याला प्रथम कळली, तर भाडेकराराचे पुढचे नूतनीकरण अवघड होते.

घर माझ्या नावावर नाही. पत्नीच्या, मुलाच्या किंवा वडिलांच्या नावावर आहे.

घराच्या दस्ताची प्रत, नाते दाखवणारा कागद (विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखला, शिधापत्रिका) आणि "सदर व्यक्ती माझ्यासोबत या पत्त्यावर राहते" असे मालकाचे प्रतिज्ञापत्र, असे तीन कागद द्यावेत. नवी मुंबईच्या गावठाणांत, म्हणजे घणसोली, दिवाळे, करावे यांसारख्या ठिकाणी, घर आजोबांच्या नावावर आणि वारस अनेक अशी स्थिती असते. तेथे मालमत्ता कराची पावती, मतदार ओळखपत्र आणि स्वतःच्या नावाचे एखादे नियमित बिल यांवर भर द्यावा.

पत्ता नेमका कसा लिहावा?

प्रत्येक कागदावर अक्षरशः एकसारखा. नवी मुंबईत "सेक्टर 12" एकाच ठिकाणी नाही. वाशीतही आहे, नेरूळमध्येही आहे आणि खारघरमध्येही आहे. एका अर्जावर "प्लॉट 45, सेक्टर 12, नवी मुंबई" इतकेच लिहिलेले होते. ते प्रकरण भलत्याच पोलीस ठाण्यात गेले आणि तेथून "अर्जदार मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत आले. नोडचे (वाशी, नेरूळ, खारघर यांसारख्या वसाहतीचे) नाव, प्लॉट क्रमांक, सोसायटीचे नाव, विंग, सदनिका क्रमांक आणि पिनकोड हे सर्व लिहावे. ठाण्याच्या मोठ्या संकुलांत एकाच नावाचे अनेक टॉवर असतात. दस्तात "इमारत क्रमांक 7" आणि फलकावर काही वेगळेच नाव असेल, तर दोन्ही नावे लिहावीत.

पोलीस चौकशीत काय पाहिले जाते?

परवाना देण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा अहवाल मागवण्याची तरतूद शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये आहे. नियमांनुसार हा अहवाल 30 दिवसांत द्यायचा असतो. पत्ताबदलाच्या प्रकरणातही प्राधिकारी नव्या ठिकाणची खातरजमा करू शकतो.

व्यवहारात अंमलदार घरी येतो, शेजाऱ्यांकडे किंवा सोसायटीच्या कार्यालयात विचारपूस करतो, कधी वॉचमनकडची वही पाहतो. दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी, लेटरबॉक्सवर आधीच्या मालकाचे नाव आणि सोसायटीच्या सभासद यादीत तुमची नोंद नाही, असे चित्र दिसले तर कागद कितीही चोख असले तरी अहवाल डळमळीत होतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी दारावर नावाची पाटी लावावी, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नाव नोंदवावे आणि सचिवाला कल्पना द्यावी. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्थाही विचारली जाते. भिंतीला पक्के बसवलेले, कुलूप असलेले लोखंडी कपाट आधीच तयार असावे. नोकरीमुळे दिवसभर घर बंद असेल, तर कोणत्या वेळी भेट होऊ शकेल हे अर्जासोबत कळवावे.

30 दिवस केव्हाच उलटून गेले. आता काय करावे?

आजच लेखी कळवावे. परवान्याच्या अटींचा अथवा नियमांचा भंग हा शस्त्र अधिनियमाच्या कलम 30 खाली शिक्षापात्र आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे विलंब क्षुल्लक मानू नये. अर्जात घर बदलल्याची खरी तारीख द्यावी आणि विलंबाचे खरे कारण दोन ओळींत लिहावे. तारीख पुढे ओढून "गेल्या आठवड्यातच आलो" असे लिहिण्याचा मोह होतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. भाडेकरार, गॅसची जोडणी आणि मुलांच्या शाळेचा दाखला यांपैकी कोणताही कागद ते खोटे पाडू शकतो. महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम 17 खाली रद्द होऊ शकतो. विलंब समजून घेतला जाण्याची शक्यता असते. खोट्या तारखेला मात्र कोणताच बचाव नसतो.

गावीही घर आहे. सातारा किंवा रत्नागिरीच्या पत्त्यावर परवाना ठेवून ठाण्यात राहता येईल का?

शस्त्र खरोखर गावच्या घरात राहत असेल आणि तेथे तुमचे वास्तव्य असेल, तर गोष्ट वेगळी. पण वर्षातले अकरा महिने ठाण्यात, शस्त्रही ठाण्यात आणि परवान्यावर पत्ता गावचा, ही स्थिती नियमाला धरून नाही. वडिलांचे शस्त्र वारसाहक्काने घेणाऱ्यांनाही हेच लागू होते. परवानाधारकाचा मृत्यू झाल्यावर, तसेच त्याने वयाची 70 वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र 25 वर्षे बाळगल्यावर, ते वारसाला देण्याची तरतूद आहे. मात्र वारसाचा निवास जिथे असेल तेथील चौकशी त्याला चुकत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात, हेही वारसांनी ध्यानात ठेवावे.

परवाना दुसऱ्या राज्यातला आहे. ठाण्यात येऊन शस्त्र घेता येईल का?

आधी परवान्याचे वैधता क्षेत्र पाहावे. ते एका राज्यापुरते असेल, तर त्या परवान्यावर महाराष्ट्रात शस्त्र बाळगणेच योग्य ठरणार नाही. क्षेत्र संपूर्ण भारत असेल, तरी नव्या निवासाची नोंद आधी येथील आयुक्तालयात करावी. सुरक्षारक्षक म्हणून येथे आलेल्या आणि कंपनीच्या खोलीत राहणाऱ्या बंधूंना पुराव्याची मोठी अडचण येते, कारण त्यांच्या नावावर ना करार असतो ना बिल. त्यांनी नोकरी देणाऱ्याकडून रुजू झाल्याची तारीख, खोलीचा पूर्ण पत्ता आणि ती जागा कोणाच्या ताब्यात आहे हे लिहिलेले पत्र घ्यावे आणि त्याला त्या जागेच्या भाडेकराराची प्रत जोडावी. परवान्याची नोंद राष्ट्रीय शस्त्रपरवाना माहितीकोशात असून त्यावर यूआयएन (त्या नोंदीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे, याचीही खात्री करावी.

दुकानदार काय तपासतो?

मूळ परवाना, त्याची मुदत, यूआयएन, परवान्यात नमूद केलेला शस्त्राचा प्रकार आणि खरेदीची मुदत (म्हणजे शस्त्र केव्हापर्यंत घ्यायचे ती तारीख), तसेच ओळखपत्र. ओळखपत्रावर एक पत्ता आणि परवान्यावर दुसरा असेल, तर जबाबदार दुकानदार व्यवहार थांबवतो. त्याच्यावर रागावू नये. समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे याची खात्री न करता ते सोपवणे हा कलम 29 खाली त्याचा स्वतःचा गुन्हा ठरतो. पत्ताबदलाच्या अर्जाची केवळ पोच दाखवून शस्त्र देण्याचा आग्रह धरू नये. पत्ताबदल होईपर्यंत खरेदीची मुदत संपत असेल, तर मुदतवाढीचा अर्ज वेळेत परवाना शाखेत द्यावा.

दुकानातून न घेता दुसऱ्या परवानाधारकाकडून शस्त्र घेत आहे.

विकणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवल्यानंतर किमान 45 दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. या सूचनेत तुमचा नवा पत्ता असला पाहिजे. या 45 दिवसांत घर बदलले, तर विकणाऱ्याला सुधारित पत्ता पुन्हा कळवायला सांगावे.

सामान हलवताना शस्त्र कसे न्यावे?

स्वतः न्यावे. सामान हलवणाऱ्या कंपनीच्या टेम्पोत, कपाटात कुलूपबंद असले तरी, ठेवू नये. शस्त्र रिकामे करून पेटीत, काडतुसे वेगळी आणि मूळ परवाना जवळ असावा, कारण वाटेत तो दाखवण्याची मागणी पोलीस कलम 19 खाली करू शकतात.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जुन्या पोलीस ठाण्यात जमा केले आणि मधल्या काळात घर बदलले.

जमा पावतीवर जुना पत्ता असतो, त्यामुळे शस्त्र परत घेताना पावती, परवाना आणि पत्ताबदलाच्या अर्जाची पोच सोबत न्यावी. शस्त्र ताब्यात घेतल्याची नोंद करून घ्यावी आणि तिची प्रत नव्या प्राधिकाऱ्याकडच्या प्रकरणाला जोडावी.

नूतनीकरणही जवळ आले आहे. दोन्ही कामे एकत्र करावीत का?

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते आणि अनेकांना पत्ता बदलायचा राहिल्याची आठवण नूतनीकरणाच्या वेळीच होते. पत्ताबदल आधी नोंदवून घ्यावा, कारण त्यानंतर नव्या निवासाचा प्राधिकारीच नूतनीकरण करतो. मुदत संपायला दोन महिन्यांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी, पण स्वतंत्र द्यावेत आणि प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करावा. दोन्ही अर्जांच्या आवक क्रमांकासह घेतलेल्या पोच पावत्या मूळ परवान्यासोबत ठेवाव्यात आणि पत्त्याची नोंद परवान्यावर प्रत्यक्ष झालेली पाहिल्यानंतरच शस्त्राच्या दुकानात जावे.